थायरॉईडचा दांडगट कॅन्सर: औषधं कुठून आली, ट्रायल का अडल्या

थायरॉईडचा कॅन्सर निघाला की नाशिकचे डॉक्टरही इतर गावांतल्या डॉक्टरांसारखाच धीर देतात: "घाबरू नका, कॅन्सरमध्ये हा सगळ्यात गरीब." ते खरंही आहे. बहुतेक रुग्णांना पॅपिलरी नावाचा प्रकार असतो. ऑपरेशन होतं, गरज पडली तर आयोडीनचा डोस मिळतो आणि मग जन्मभर सकाळी उपाशीपोटी एक गोळी. दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून जास्त रुग्ण हिंडते-फिरते असतात.

ही नोंद मात्र त्याच ग्रंथीतून निघणाऱ्या दांडगट भावाबद्दल आहे. अ‍ॅनाप्लास्टिक थायरॉईड कॅन्सर शंभरात एखाद-दोघांना होतो, पण थायरॉईड कॅन्सरच्या मृत्यूंमधला त्याचा वाटा त्या मानाने फार मोठा. बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे. कित्येकांच्या गळ्यावर वर्षानुवर्षं गलगंडाची गाठ असते, "दुखत नाही ना, मग राहू दे" म्हणून ठेवलेली. मग काही आठवड्यांत ती दिसामाशी वाढते, आवाज बसतो, घास अडकतो, रात्री आडवं झालं की दम लागतो. या कॅन्सरला पहिली-दुसरी स्टेज नसतेच, निदान झालं की थेट चौथी. निदानानंतर रुग्ण साधारण तीन ते सहा महिने काढतो, हा आकडा कित्येक दशकं जागचा हलला नाही. तो का हलला नाही आणि अलीकडे का हलू लागला, याची ही हकीकत.

सुरुवात सर्जनांची. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात थिओडोर कोखर यांनी गलगंडाची पाच हजारांहून जास्त ऑपरेशनं केली आणि एके काळी जीवघेणं मानलं जाणारं हे ऑपरेशन सुरक्षित करून दाखवलं. १९०९ साली त्यांना नोबेल मिळालं. गाठ ग्रंथीच्या आत असेल तर सुरीने काम भागतं. अ‍ॅनाप्लास्टिक गाठ मात्र श्वासनलिकेला, अन्ननलिकेला, मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटूनच समोर येते. अनेकदा सर्जनच्या हाती एकच काम उरतं: गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवणं.

दुसरा टप्पा आयोडीनचा. नोव्हेंबर १९३६ मध्ये हार्वर्डमधल्या एका व्याख्यानानंतर सॉल हर्ट्झ नावाच्या बोस्टनच्या डॉक्टरने भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांना विचारलं की आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का. थायरॉईड आयोडीन ओढून घेते, तेव्हा किरण आतूनच देता येतील, असा त्यामागचा विचार. १९४१ मध्ये हर्ट्झने थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करणाऱ्या रुग्णांवर हा उपाय सुरू केला. कॅन्सरसाठीचा पुरावा न्यूयॉर्कहून आला. सॅम्युअल सीडलिन यांच्याकडे एक विलक्षण रुग्ण होता. त्याची ग्रंथी कधीच काढून टाकलेली, तरी अंगात थायरॉईडचं हॉर्मोन मात्र उतू चाललेलं. शरीरभर पसरलेल्या कॅन्सरच्या गाठीच हॉर्मोन बनवत होत्या, म्हणजे त्या आयोडीनही घेत होत्या. त्याला किरणोत्सारी आयोडीन दिलं आणि गाठी आटोक्यात आल्या. १९४६ साली हा अहवाल छापून आला. नेमकं लक्ष्य गाठणारा औषधोपचार कॅन्सरमध्ये तेव्हा जवळपास नव्हताच.

आपल्याकडे ४ ऑगस्ट १९५६ला मुंबईतल्या ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, पुढे तिथूनच रुग्णालयांना समस्थानिकं, म्हणजे असे किरणोत्सारी पदार्थ, मिळू लागली. १९६३ मध्ये परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना 'आयोडीनचा डोस' माहीत आहे तो परळमुळेच. सकाळची पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरणं, मग वेगळी खोली. तिथे नातेवाइकांनी भेटायचं नाही आणि संडासाचं पाणीसुद्धा थेट गटारात न सोडता टाकीत साठवून ठेवायचं, कारण आयोडीन-१३१चा जोर निम्मा व्हायला आठ दिवस लागतात.

अ‍ॅनाप्लास्टिक गाठीपुढे ही सगळी व्यवस्था फुकट जाते. पेशी इतकी बिघडलेली असते की आपण थायरॉईडची पेशी आहोत हेच विसरते. आयोडीन आत ओढणारं प्रथिन १९९६ साली ओळखलं गेलं. या पेशींत ते जवळजवळ दिसतच नाही. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर प्रकारांतले काही जुने, पसरलेले कॅन्सरही पुढे आयोडीन घेणं सोडून देतात. अशांसाठी बराच काळ हाताशी काही नव्हतं.

केमोचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण यश थोडंच आहे. इटलीतल्या मातीत सापडलेल्या जंतूपासून डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध आलं, अमेरिकेत त्याला १९७४ साली मान्यता मिळाली. ते एकटं द्यावं की सिस्प्लॅटिन या दुसऱ्या केमोसोबत, याची तुलना १९८५ मध्ये छापून आली. जोडीचा परिणाम थोडा बरा दिसला, इतकंच. नंतर पॅक्लिटॅक्सेल आलं, सोबत लाईट (रेडिएशन) देणं आलं. गाठ काही काळ दबायची आणि परत उसळायची.

संशोधन अडायचं कशात, हे फॉस्ब्रेटाब्युलिन या औषधाच्या ट्रायलवरून, म्हणजे रुग्णांवर घेतलेल्या चाचणीवरून, स्वच्छ कळतं. हे औषध मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या एका झाडातलं, आपल्या अर्जुन-हिरड्याच्या कुळातलं. गाठीच्या रक्तवाहिन्या कोसळवायच्या, ही त्याची करामत. ट्रायलमध्ये १८० रुग्ण घ्यायचे ठरले होते, ८० वर भरती थांबली. औषध मिळालेल्या गटाचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण जेवढा काळ ओलांडतात तो) ५.२ महिने, न मिळालेल्यांचं ४. एवढ्या थोड्या रुग्णांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून निकाल अनिर्णित. रुग्ण मिळाले नाहीत यात आश्चर्य काही नाही. ट्रायलमध्ये शिरायचं तर स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, संमतीपत्र, आधीच्या उपचारांनंतर ठरलेलं अंतर, सगळं जुळावं लागतं. त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि हा आजार दोन-तीन आठवडे थांबत नाही. माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे. शास्त्रज्ञांकडे कल्पना होत्या, त्या तपासायला जिवंत राहणारे रुग्ण नव्हते.

वळण आलं ते जनुकांकडून. २००२ साली बीरॅफ नावाच्या जनुकातला बिघड त्वचेच्या मेलानोमात सापडला आणि पुढच्याच वर्षी तोच पॅपिलरी थायरॉईड कॅन्सरमध्ये. पेशीला 'वाढ' असा निरोप पोचवणाऱ्या साखळीतलं हे एक प्रथिन. त्यातलं ६०० क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललं की निरोप थांबतच नाही. अ‍ॅनाप्लास्टिक रुग्णांपैकी पाव ते जवळजवळ निम्म्या लोकांत हा बिघड सापडतो. त्यांच्यातल्या कित्येकांचा आजार आधी पॅपिलरी असून मागाहून बिथरलेला असतो.

त्याआधी आयोडीन न घेणाऱ्या कॅन्सरसाठी सोराफेनिब आलं, आणि त्याच्या गोष्टीत भारत मध्यभागी आहे. मार्च २०१२ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीची मर्जी नसतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवायची मुभा, याच औषधासाठी दिला. बायर कंपनीच्या १२० गोळ्यांच्या महिन्याच्या डब्याची किंमत होती २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटकोने तो ८,८८० रुपयांना द्यायचा, असा आदेश झाला. बायर वरच्या न्यायालयांत गेली आणि हरली. तेव्हा सगळी चर्चा यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरची होती, थायरॉईडचं नावही कुणी घेत नव्हतं. पुढच्याच वर्षी ४१७ रुग्णांच्या ट्रायलचा निकाल आला: सोराफेनिबने आजार वाढायला साधारण १०.८ महिने लागले, नकली गोळीवर (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली गोळी) ५.८. म्हणजे थायरॉईडसाठी औषध सिद्ध झालं तेव्हा नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधांच्या ठोक दुकानांत पोचण्याजोगी त्याची स्वस्त आवृत्ती देशात आधीच तयार होती. असा योग औषधांच्या जगात क्वचितच येतो. आयुष्य किती वाढलं, यात मात्र त्या ट्रायलमध्ये ठोस फरक दिसला नाही. शिवाय या गोळीने तळहात-तळपायाची कातडी सोलवटते. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या थिनिंगला दिवसभर कात्री धरणाऱ्या माणसासाठी हा किरकोळ त्रास नव्हे, त्याची मजुरीच त्या हातांवर असते.

२०१५ मध्ये अशाच आयोडीन न घेणाऱ्या कॅन्सरवरच्या लेनव्हाटिनिब या औषधाचा निकाल आला. आजार थोपवून धरण्याचा काळ १८.३ महिने, नकली गोळीवर ३.६. मेड्युलरी या थायरॉईड कॅन्सरच्या आणखी एका प्रकारासाठी व्हॅन्डेटॅनिब, कॅबोझॅन्टिनिब आणि २०२० मध्ये रेट जनुकावरचं सेलपरकॅटिनिब आलं. अ‍ॅनाप्लास्टिकवर एकट्या लेनव्हाटिनिबची पाश्चात्त्य ट्रायल मात्र फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली.

मग २०१८. डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही 'वाढ'चा तो निरोप अडवणारी जोडी बीरॅफ बिघडलेल्या १६ अ‍ॅनाप्लास्टिक रुग्णांना दिली गेली. तुलनेला दुसरा गट नाही, नकली गोळी नाही, फक्त १६ माणसं. त्यातल्या ११ जणांची गाठ लक्षणीय आक्रसली. मे महिन्यात अमेरिकेने मान्यता देऊन टाकली. पुढे ३६ रुग्णांची आकडेवारी आली, मध्यम आयुर्मान १४.५ महिने. मोठ्या, काटेकोर ट्रायलांना वर्षानुवर्षं जमलं नाही ते एका छोट्या, तुलनाहीन ट्रायलने केलं. यावर नाकं मुरडणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं सगळंच चूक नाही. पण तीन महिन्यांत माणूस नेणाऱ्या आजारात नकली गोळीचा गट मागणं मला तरी पटत नाही.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयाने आपल्या ४७९ रुग्णांचा हिशेब २०२० मध्ये मांडला. २००० ते २०१३ दरम्यान निदान झालेल्यांपैकी वर्षभर जगलेले ३५ टक्के, २०१७ ते २०१९ मधले ५९ टक्के. आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जो ह्यूस्टनपर्यंत पोचतो तो मुळात प्रवास झेपणारा रुग्ण असतो. तरीही त्यांनी रुळवलेली एक पद्धत महत्त्वाची आहे. आधी गोळ्यांनी गाठ आवळून घ्यायची आणि मग ऑपरेशन करायचं. कोखरची सुरी अशी पुन्हा कामाला आली. आयोडीनही परतायची धडपड करतंय. २०१३ मध्ये सेल्युमेटिनिब नावाचं औषध देऊन २० पैकी १२ रुग्णांच्या गाठींनी आयोडीन जास्त ओढलं, आठजणांना डोस देता आला. मोठ्या ट्रायलमध्ये ऑपरेशननंतरच्या रुग्णांना त्याच औषधाचा फायदा दिसला नाही, पण आयोडीन नाकारणाऱ्या गाठींची खोड मोडण्याची कल्पना अजून जिवंत आहे. बीरॅफ बिघडलेला नसेल त्यांच्यासाठी प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं तपासली जात आहेत. स्पार्टालिझुमॅबला ४२ पैकी १९ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला.

भारतात ट्रायलची वाट वेगळ्याच कारणांनी खडतर झाली. २००९ पासून प्रत्येक ट्रायलची सरकारी नोंद सक्तीची झाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानग्यांवर कडक लगाम घातला, कारण गरीब रुग्णांवर त्यांना नीट न सांगता औषधं तपासल्याच्या तक्रारी होत्या. त्या रास्तही होत्या. २०१९च्या नव्या नियमांनी भरपाई आणि संमती बांधून दिली आणि देशात पाच लाखांहून कमी लोकांना होणाऱ्या आजारांच्या औषधांसाठी थोडी मोकळीक ठेवली. अ‍ॅनाप्लास्टिक कॅन्सर या व्याख्येत आरामात बसतो.

नाशिकमध्ये आता कॅन्सरची स्वतंत्र रुग्णालयं आहेत. केमो, लाईट, पेट स्कॅन इथेच होतं. १९९८ साली स्थापन झालेलं राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठही इथल्या म्हसरूळलाच आहे, आणि राज्यभरातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध त्याच्याकडे येतात. अशा दुर्मीळ आजाराच्या रुग्णांची एकत्र नोंद ठेवायला याहून सोयीची जागा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

रुग्णापुरता प्रश्न मात्र साधा आहे आणि तो बायोप्सीच्या टेबलावर सुटतो. गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या चौकोनात बसवतात, त्याला सगळे 'ब्लॉक' म्हणतात. मुंबईला निघताना लॅबवाला नातेवाइकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी देतो आणि बजावतो, "काका, ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही आहेत, उन्हात ठेवू नका." पुष्कळदा बीरॅफची तपासणी त्यानंतर सुरू होते, तोवर आठवडा-दोन आठवडे गेलेले. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०२१च्या मार्गदर्शिकेत या आजाराचा नुसता संशय असतानाच बीरॅफ पाहायला सांगितलंय. विशिष्ट रंग देऊन स्लाइडवरच दोन-तीन दिवसांत अंदाज येतो, जनुकाचा सविस्तर रिपोर्ट मागाहून येत राहतो. डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिब या जोडगोळीची किंमत अजूनही बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. पण गाठीत बिघड आहे की नाही हेच वेळेत कळलं नाही, तर धर्मादाय मदत, कंपनीची सवलत किंवा परळची ट्रायल, कशासाठी अर्ज करायचा हेही ठरत नाही.