'सवय झाली' म्हणजे नेमकं काय झालं? वेदन आणि संवेदन

ज्ञानेंद्रियांनी बाहेरची ऊर्जा टिपून तिचे मज्जासंदेश करणं हे वेदन, त्या संदेशांचा अर्थ लावणं हे संवेदन. एवढं सगळ्यांचं पाठ असतं. वेदन म्हणजे वेदना नव्हे, हेही एकदा सांगून झालं. काही पुस्तकं पहिल्याला संवेदन आणि दुसऱ्याला अवबोध म्हणतात. कुठलीही एक जोडी धरा, पण एका उत्तरात दोन्ही मिसळू नका. पुढे चला.

खरी गोची 'सवय झाली' या दोन शब्दांत आहे. दर वर्षी मानसशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत तेच वाचते: 'मासळीबाजारात थोड्या वेळाने वास येत नाही, रुळांशेजारी राहणाऱ्याला लोकल ऐकू येत नाही, दोन्ही सवयीमुळे.' ही दोन उदाहरणं एका ओळीत बसतच नाहीत.

कुलाब्याच्या ससून डॉकला गेलात की दारातच वास अंगावर येतो. काही मिनिटांनी तो विरतो. आता मुद्दाम लांब श्वास घेऊन हुंगा, फारसा परत येत नाही. मेंदूचा वाटा यातही असतो, पण नाकातल्या पेशींचा प्रतिसादच मंदावलेला असतो. बाहेर मोकळ्या हवेत थांबून परत आत या, पुन्हा तोच भपकारा. हे वेदनाचं अनुकूलन.

आता आमचं करी रोडचं घर. खिडकीखालून गाडी जाते, मांडणीतल्या वाट्या किणकिणतात, आम्ही जेवत असतो. कोकणातून आत्या आली आणि पहिल्याच रात्री म्हणाली, "अगो बाय, या धडधडीत झोप लागते कशी तुम्हाला?" त्यानंतर रात्रभर मला एकूण एक गाडी ऐकू आली. न थांबता जाणारी फास्ट कुठली, ब्रेक लावणारी स्लो कुठली, तेसुद्धा. माझे कान तेच होते. आवाज आधीही पोचत होता, त्याच्याकडे लक्ष नव्हतं. वेदन शाबूत, अडलं होतं ते संवेदन.

म्हणून मुलांना एकच कसोटी देते. लक्ष दिल्याबरोबर परत आलं, तर वेदन चालूच होतं. लक्ष देऊनही येत नाही, पण उद्दीपकापासून, म्हणजे त्या वासापासून किंवा आवाजापासून, थोडा वेळ दूर राहिल्यावर येतं, तर वेदनच मंदावलं होतं.

आणि 'इंद्रियांचं ते वेदन, मेंदूचं ते संवेदन' हे गाइडमधलं वाक्य कृपा करून लिहू नका. वेदनाचे संदेशही मेंदूतच पोचतात, नाहीतर आत्याने विचारल्यावर मला ऐकू आलं असतं कुठून?