बाळंतविडा

बाळंतिणीसाठी आणि तिच्या नवजात बाळासाठी आजी, आत्या, मावशी, काकू अशा जवळच्या नात्यातील स्त्रिया जी भेट तयार करून देतात, तिला महाराष्ट्रात बाळंतविडा म्हणतात. बाळंतिणीच्या वाट्याला त्यात डिंकाचे लाडू, खारीक, खोबरे, बाळंतशेपा असा खाऊ येतो, तर बाळाच्या वाट्याला झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची आणि लहानशी गोधडी असे शिवलेले कपडे येतात. ही शिवण अगदी साधी असते. मात्र तिच्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट बाळाच्या शरीराची गरज ओळखून ठरलेली आहे.

या शिवणीचा पाया जुने सुती कापड हा आहे. वर्षानुवर्षे धुवून खळ निघून गेलेले आणि सूत मऊ पडलेले नऊवारी लुगडे किंवा धोतर पाणी चटकन शोषते, बाळाच्या नाजूक त्वचेला घासत नाही आणि त्याचा रंगही जायचा तेवढा आधीच गेलेला असतो. म्हणून अनेक घरांत बाळाला पहिले काही दिवस नवे कापड न घालता घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या जुन्या वस्त्राचे झबले घालतात. त्या माणसाचे आयुष्य बाळाला लाभावे अशी भावना त्यामागे असते आणि मऊपणाचा लाभ तर मिळतोच. नवी मलमल किंवा पॉपलीन घ्यायची झाल्यास ती बेतण्यापूर्वी भिजवून, धुऊन वाळवावी लागते, कारण कोरे सुती कापड पहिल्या धुण्यातच आटते.

दुपटे म्हणजे नावाप्रमाणे दुपदरी कापड. साधारण एक वार लांबीरुंदीचे दोन चौकोनी तुकडे एकमेकांवर ठेवून कडा आत दुमडतात आणि कडेने धावदोरा घालतात; दोन्ही पदर धुताना सरकू नयेत म्हणून मध्येही धावदोऱ्याच्या काही ओळी घेतात. मशीनच्या टिपेने हे काम लवकर होते, परंतु ओढून घट्ट केलेली टीप धुण्यानंतर कापडाला चुण्या पाडते, तर हाताने घातलेला सैलसर धावदोरा कापडाबरोबर हलतो. दुपट्यासाठी हातशिवणच सरस ठरते, ती यामुळे. याच टाक्याने अधिक पदर जोडले की गोधडी होते; दक्षिण महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात आणि चार पदरांची असेल तर तिला चौघडी हे नाव आहे.

झबल्याचा बेतही असाच विचारपूर्वक झालेला आहे. नवजाताची मान धरत नाही, त्यामुळे डोक्यातून कपडा घालणे अवघड जाते. म्हणून झबले एका बाजूने पूर्ण उघडे ठेवतात आणि गुंड्यांऐवजी बंद लावतात. बंदांमुळे बाळ वाढत गेले तरी तेच झबले काही काळ सैल करून वापरता येते. बाही रुंद ठेवतात, कारण बाळाची मूठ मिटलेली असते आणि मोठ्या माणसाला आपली बोटे बाहीत घालून बाळाचा हात बाहेर घ्यावा लागतो. शिवणीच्या कच्च्या कडा आतल्या बाजूला राहिल्या तर त्या टोचतात, शिवाय त्यांतून सुटलेला दोरा बाळाच्या हातापायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा रोखू शकतो; त्यामुळे कडा दुमडून बंद करणे हा सुबकपणाचा नव्हे, तर सुरक्षिततेचा भाग आहे. गळ्यापाशी लांब बंद, तसेच सुटू शकतील असे मोती आणि टिकल्या टाळणेही तितकेच आवश्यक आहे.

हौसेला वाव मिळतो तो कुंचीत. डोके झाकून पाठीवर खाली उतरणाऱ्या या वस्त्रासाठी खणाचे कापड विशेष आवडीने वापरतात. हे कापड विणणारे गाव म्हणून कर्नाटकातील गुळेदगुड्ड प्रसिद्ध आहे. आयताकृती तुकडा मधोमध दुमडून वरची एक कड शिवली की डोक्यापुरता टोकदार घोंगटासारखा भाग तयार होतो, मानेशी चुण्या घेऊन बंद लावतात आणि कडेने वेगळ्या रंगाचा गोट फिरवतात. खणाचे कापड मलमलीइतके मऊ नसल्याने आतून जुन्या सुती कापडाचे अस्तर लावलेले बरे.

हे कपडे बारशाला बाळाच्या अंगावर चढतात. पुढे पहिल्या संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाण होते, तेव्हा एरवी बाळासाठी टाळला जाणारा काळा रंग मुद्दाम निवडून झबले शिवतात आणि त्यावर हलव्याचे दागिने घालतात. काळ्यावर पांढरा हलवा उठून दिसतो.

शिवण पूर्वी घरातच, थोरल्या बायकांच्या हाताखाली शिकली जाई. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिवणकामाचे रीतसर शिक्षण दिले. आज तयार बाळंतविडे बाजारात मिळतात, पण कुंची आणि दुपटी अनेक घरांत अजूनही हातानेच शिवली जातात. बाळ मोठे झाल्यावर कुंची धुऊन ट्रंकेत ठेवतात आणि पुढच्या भावंडासाठी ती पुन्हा बाहेर निघते. रामनवमीला दुपारी बारा वाजता देवळातील पाळण्यात नारळाला रामरूप मानून ठेवतात, तेव्हा त्या नारळालाही कुंची घालतात.