समुदाय आरोग्य अधिकारी पदाचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका कुठे अडतो

सपाट भागात पाच हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असा निकष आहे. अनेक दशके या उपकेंद्रांचा सगळा भार आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक यांच्यावरच होता. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभरात दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रे उभारण्याची घोषणा झाली आणि प्रत्येक उपकेंद्रावर प्रशिक्षित पदवीधर कर्मचारी असावा म्हणून समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद निर्माण झाले. याच केंद्रांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव आहे. पद राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत कंत्राटी आहे. महाराष्ट्रात त्याचे मानधन दरमहा २५,००० रुपये असून त्याशिवाय कामगिरीवर आधारित जास्तीत जास्त १५,००० रुपये मिळतात. जाहिरातींत आणि बोलण्यात सरसकट ‘४० हजारांची नोकरी’ म्हटले जाते. पण त्यांतील १५ हजार कामाच्या निर्देशांकांवर अवलंबून आहेत, हे अर्ज करण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

या पदासाठी अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांची शैक्षणिक पात्रता असते. ते बाद होतात ते कागदावरील तारखेमुळे किंवा नावामुळे. कागद जवळ असणे एक आणि तो कागद ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नावाने वैध असणे दुसरे. छाननी करणारा कर्मचारी फक्त दुसरी गोष्ट पाहतो. त्यामुळे अर्ज भरणे, छायाचित्र व स्वाक्षरी अपलोड करणे, शुल्क भरणे या नेहमीच्या पायऱ्यांवर येथे वेळ घालवलेला नाही. त्या पायऱ्या संकेतस्थळ स्वतःच सांगते.

पात्रतेचा पहिला गुंता पदवीचा

आयुर्वेद किंवा युनानी शाखेची पदवी, अथवा बी.एस्सी. नर्सिंग, ही या पदाची मुख्य पात्रता आहे. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) या परिचर्येच्या पदविकाधारकांचाही समावेश आहे; परंतु म्हणून प्रत्येक जाहिरातीत तो असेलच असे नाही. ‘शेजारच्या राज्यात चालते’ हा युक्तिवाद छाननीत टिकत नाही. ज्या जाहिरातीखाली अर्ज करायचा, तिच्यातील पात्रतेचा रकाना शब्दशः वाचावा आणि त्यात आपली अर्हता नसेल, तर शुल्क वाया घालवू नये.

निवड झालेल्या उमेदवाराला सामुदायिक आरोग्याचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. नर्सिंगच्या नव्या पदवी अभ्यासक्रमात हा भाग आधीच समाविष्ट केलेला असल्याने अशा पदवीधरांना वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागत नाही. मात्र हे आपोआप गृहीत धरले जात नाही. अभ्यासक्रमात हा भाग पूर्ण केल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले प्रमाणपत्र महाविद्यालयाकडून घ्यावे लागते आणि महाविद्यालयाच्या कार्यालयातून ते मिळवणे हेच पुष्कळदा सर्वांत जिकिरीचे ठरते. जाहिरातीची वाट न पाहता, निकाल लागताच त्यासाठी लेखी अर्ज देऊन ठेवावा आणि पोच घ्यावी.

आयुर्वेद पदवीधरांची अडचण निराळी असते. अंतिम वर्षाचा निकाल हातात असला, तरी एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) पूर्ण झाल्याशिवाय पदवी पूर्ण झाली असे मानले जात नाही आणि तात्पुरती नोंदणी कायम नोंदणीच्या जागी चालत नाही. आंतरवासिता अर्जाच्या अंतिम दिनांकानंतर आठच दिवसांनी संपणार असली, तरी उमेदवार अपात्रच ठरतो. याविषयी हळहळ वाटते हे खरे, पण त्यात सवलत देण्याचा अधिकार छाननी समितीला नाही.

परिषदेची नोंदणी: सर्वाधिक अर्ज येथे अडतात

परिचारिकांना महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आणि आयुर्वेद व युनानी पदवीधरांना एमसीआयएमची (महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन) नोंदणी लागते. ही नोंदणी एकदा केली की जन्मभर पुरते, असा समज फार खोलवर रुजलेला आहे. परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाच्या तासांची पूर्तता दाखवावी लागते. खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या अनेक परिचारिकांकडे नोंदणी प्रमाणपत्र असते, पण नूतनीकरणाची मुदत कधीच उलटून गेलेली असते, कारण त्यांच्या रुग्णालयाने ते कधी विचारलेलेच नसते. अर्जाच्या अंतिम दिनांकास नूतनीकरण प्रलंबित असेल, तर केवळ शुल्क भरल्याची पावती ग्राह्य धरली जाईलच याची खात्री नसते. म्हणून नूतनीकरणाचे काम जाहिरात नसलेल्या काळात करून ठेवणे हाच शहाणपणा आहे.

कर्नाटक, तेलंगणा, मध्य प्रदेश अशा परराज्यांतील महाविद्यालयांतून नर्सिंग पूर्ण करून आलेल्या मुलींची संख्या मोठी आहे. त्यांची मूळ नोंदणी त्या राज्याच्या परिषदेकडे असते. महाराष्ट्रात काम करण्यासाठी तेथील परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन येथे नोंदणी करावी लागते. दोन राज्यांच्या दोन कार्यालयांमधील हा पत्रव्यवहार जाहिरातीच्या पंधरा-वीस दिवसांच्या मुदतीत पूर्ण होत नाही. एका राज्याची परिषद दुसऱ्या राज्याच्या परिषदेकडे नोंदणीची पडताळणी आजही एवढ्या संथपणे का करते, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडेच नाही. भुर्दंड मात्र उमेदवारालाच पडतो.

नावातील फरक

लग्नानंतर नाव बदललेल्या महिला उमेदवारांची दहावीची गुणपत्रिका एका नावाने, परिषदेची नोंदणी दुसऱ्या नावाने आणि आधार कार्ड तिसऱ्याच स्पेलिंगने असते. अर्ज कोणत्या नावाने भरायचा, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की दहावीच्या प्रमाणपत्रावरील नावाने भरावा आणि बदललेल्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासनाचे राजपत्र जोडावे. लग्नाची निमंत्रणपत्रिका, सरपंचांचा दाखला किंवा नोटरीपुढे केलेले प्रतिज्ञापत्र यांवर विसंबू नये. ग्रामीण भागात विवाहाची नोंद ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) करता येते. लग्नाला कितीही वर्षे झालेली असोत, नोंद उशिरा का होईना करून घ्यावी. राजपत्रातील प्रसिद्धीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, पण त्यात जुने नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच, अक्षर न बदलता, लिहावे. ते चुकले तर राजपत्र हातात असूनही निरुपयोगी ठरते.

जातीचा दाखला वडिलांच्या बाजूने मिळतो, पतीच्या नव्हे. सासरच्या तालुक्यात अर्ज करून महिनाभर वाट पाहिल्यावर ‘माहेरच्या उपविभागीय कार्यालयात जा’ असे उत्तर मिळाल्याची उदाहरणे दर भरतीत दिसतात. दाखल्यासाठी लागणारा पुरावा अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांच्या आधीचा असावा लागतो. हे पुरावे आजोबांच्या शाळेच्या नोंदवहीत किंवा जुन्या गाव नमुन्यात सापडतात आणि ते शोधायला वेळ लागतो.

तारखांचे दाखले

नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्रावर, म्हणजे कुटुंब उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याच्या दाखल्यावर, ते कोणत्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे हे छापलेले असते. जाहिरात मार्चमध्ये निघाली आणि अर्जाची मुदत एप्रिलमध्ये संपत असली, की फेब्रुवारीत काढलेले ताजे प्रमाणपत्रही अंतिम दिनांकास मुदतबाह्य झालेले असू शकते. उमेदवार प्रमाणपत्र काढल्याची तारीख पाहतो आणि कार्यालय वैधतेची तारीख पाहते. निम्मे गैरसमज येथेच होतात. अनुसूचित जाती व जमातींना हे प्रमाणपत्र लागत नाही. खुल्या प्रवर्गातील महिलांसाठी असलेली ही अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने काढून टाकण्यात आली, तरी काही सेवा केंद्रांवर आजही त्यांच्याकडून ते प्रमाणपत्र काढण्याचे पैसे घेतले जातात. इतर मागास व तत्सम प्रवर्गांतील महिलांना मात्र ते लागतेच.

महिलांच्या ३० टक्के समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आत लागू होणाऱ्या) आरक्षणाचा लाभ घेण्यासाठी अधिवास प्रमाणपत्र आवश्यक आहे. ते साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळते. कर्नाटक सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांसाठी राज्य शासनाची वेगळी तरतूद आहे. तेथील उमेदवारांनी आपल्या गावाचे नाव त्या यादीत आहे का, हे पाहून तहसीलदारांचा विहित नमुन्यातील दाखला जोडावा.

जात, उत्पन्न, अधिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे आणि कागदपत्रांच्या प्रती स्वयंसाक्षांकित करण्यास ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने मान्यता दिलेली आहे. असे असूनही ‘मुद्रांक आणा, नोटरी करून आणा’ असे सांगणारे लिपिक जागोजागी भेटतात. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा शासन निर्णयाची प्रत पुढे करावी. दाखला विहित मुदतीत मिळाला नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रथम अपील करता येते. त्यासाठी अर्जाची पोचपावती जपून ठेवलेली असली पाहिजे.

लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन विहित नमुन्यात द्यावे लागते. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक होत असेल, तर उमेदवार अपात्र ठरतो. पहिले अपत्य असताना दुसऱ्या प्रसूतीत जुळे झाले असेल, तर त्या प्रसूतीतील मुले एकच अपत्य मानली जातात, हे ठाऊक नसल्याने काही पात्र महिला अर्जच करत नाहीत.

मुदतवाढीचे शुद्धिपत्रक निघाले की सर्वांना हायसे वाटते, परंतु ते पूर्ण वाचावे. अर्ज स्वीकारण्याची मुदत वाढली म्हणजे वय आणि अर्हता मोजण्याचा दिनांकही पुढे गेला असे होत नाही. शुद्धिपत्रकात तसे स्पष्ट म्हटले नसेल, तर मूळ जाहिरातीतील दिनांकच धरून चालावे. वाढीव मुदतीत काढलेला दाखला जोडून निश्चिंत राहिलेले अनेक उमेदवार नंतर अपात्र यादीत सापडतात.

यादी लागल्यानंतर

छाननीनंतर तात्पुरती पात्र-अपात्र यादी प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी मोजकेच दिवस मिळतात. ही यादी प्रत्येकाला दूरध्वनी करून कळवली जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. संकेतस्थळ आणि जिल्हा कार्यालयाचा सूचना फलक दोन्ही पाहावेत. ‘निवड करून देतो’ म्हणून याच दिवसांत फोन करणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नये. अपात्रतेचे कारण यादीतील शेरा या रकान्यात दिलेले असते. हरकत लिहिताना आपली परिस्थिती, घरची जबाबदारी किंवा झालेला अन्याय यांचे वर्णन करू नये, कारण त्यावर समितीला निर्णय घेताच येत नाही. अर्ज क्रमांक, शेऱ्यातील शब्द जसेच्या तसे, तो शेरा चुकीचा कसा हे दाखवणारा कागद आणि जाहिरातीतील संबंधित परिच्छेदाचा क्रमांक, एवढेच एका पानात मांडावे, ते समक्ष दिल्यास आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि ईमेलने पाठवल्यास ती कार्यालयीन वेळेतच पाठवावी. अंतिम यादी आणि प्रशिक्षणाचा लेखी आदेश हातात पडेपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये, आणि प्रशिक्षणापूर्वी द्यावयाच्या बंधपत्रातील सेवेचा कालावधी व सोडून गेल्यास भरावयाची रक्कम वाचल्याखेरीज त्यावर स्वाक्षरी करू नये.