तेच गाव की तीच माणसं? एनएफएचएस आणि कोहॉर्ट यांची गल्लत

सार्वजनिक आरोग्यात संशोधन करू पाहणाऱ्या मुलामुलींच्या अर्जांत एक वाक्य सारखं भेटतं: 'एनएफएचएसच्या सगळ्या फेऱ्या वापरल्या आहेत, त्यामुळे कोहॉर्टवर काम केल्याचा अनुभव आहे.' कोहॉर्ट म्हणजे ठरावीक माणसांच्या गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास. एनएफएचएस वापरून तो अनुभव मिळत नाही. बातम्यांत, प्रबंधांत, क्वचित नोकरीच्या जाहिरातींतही हीच गल्लत दिसते. आरोग्यातल्या विषमतेवर आयुष्य घालवायचं असेल, तर ती सुरुवातीलाच मिटलेली बरी.

एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, बहुतेकांना ठाऊक आहे. पहिली फेरी १९९२-९३ची, पाचवी २०१९-२१ची. काम पाहते मुंबईत देवनारला असलेली आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था. पाचव्या फेरीत देशभरातली सहा लाखांहून जास्त घरं होती. कोहॉर्ट त्यामानाने लहान, महाग आणि संथ. आकार, खर्च, प्रश्नावलीची लांबी हे फरक कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतील, त्यात अडण्यासारखं काही नाही.

अडतं ते इथे: एनएफएचएस दर फेरीला त्याच राज्यात जाते, त्याच माणसांकडे जात नाही. कोहॉर्ट त्याच माणसांकडे जातो, ती राहायला कुठेही गेली तरी. शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी लागतो, पण परीक्षेला बसलेली मुलं दरवर्षी वेगळी असतात. निकाल चढला यावरून कुठल्या एका मुलाचं गणित सुधारलं असं कोणी म्हणत नाही. एनएफएचएसबद्दल मात्र आपण सर्रास तसं बोलतो.

महाराष्ट्राचाच आकडा घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने उंची कमी असलेली, म्हणजे वाढ खुंटलेली मुलं २०१५-१६मध्ये ३४.४ टक्के होती, २०१९-२१मध्ये ३५.२ टक्के. यावरून 'मुलांची वाढ आणखी खुंटली' असं कोणी लिहिलं की मला राग येतो. पहिल्या वेळी मोजलेल्या मुलांतली बरीचशी दुसऱ्या वेळेपर्यंत पाच वर्षांची होऊन गेली होती, आणि नमुना तर पूर्णपणे नव्याने निवडलेला. हे दोन आकडे सांगतात ते एवढंच, की राज्याची परिस्थिती जवळपास जिथल्या तिथे आहे. हेही महत्त्वाचं आहे. पण २०१५मध्ये मागे पडलेल्या मुलांचं पुढे काय झालं, ते या आकड्यांत नाही.

आणि विषमतेचा खरा प्रश्न तोच आहे. समजा एका तालुक्यात दोन्ही वेळा तिसरा हिस्सा मुलं खुजी सापडली. दोन वेगळ्या कहाण्यांतून हा एकच आकडा निघू शकतो. एकीत लहानपणी मागे पडलेली मुलं शेवटपर्यंत मागेच राहतात, म्हणजे काही ठरावीक घरं, बहुधा काही ठरावीक वस्त्या, कायमच्या अडकल्या आहेत. दुसरीत बरीच मुलं सावरतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या घरांतली मुलं घसरतात, कारण एखादा दुष्काळ किंवा घरातलं एखादं आजारपण कोणालाही गाठू शकतं. पहिल्या कहाणीत मदत त्या वस्त्यांपर्यंत न्यावी लागते, दुसरीत सगळ्यांनाच संकटकाळी आधार लागतो. एनएफएचएसच्या कितीही फेऱ्या एकमेकींवर रचल्या, तरी या दोन कहाण्या वेगळ्या करता येत नाहीत. तेच मूल पुन्हा मोजावं लागतं.

आजार आणि गरिबीचंही तसंच. एका भेटीत गरीब घर दिसतं आणि त्यात मधुमेही माणूस दिसतो. गरिबीतून आजार आला, की औषधपाण्यापायी जमीन विकून घर खाली आलं? कोणतं आधी घडलं हे कळायला माणूस आजारी पडण्यापूर्वी भेटलेला असावा लागतो. कोहॉर्टने सगळी कारणं आपोआप सिद्ध होतात असं नाही, पण घटनांचा क्रम तरी हाती येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत जो माता-पोषण अभ्यास सुरू केला, त्यात हे फार स्पष्ट दिसतं. गरोदर राहण्याआधीच विवाहित बायकांची नोंद झाली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेत, म्हणून गर्भारपण सुरुवातीलाच कळायचं. बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत त्याचं वजन, लांबी, त्वचेखालच्या चरबीची जाडी मोजली जायची. सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. आपली बाळं वजनाला एवढी कमी, पण चरबी त्या मानाने टिकून असलेली. ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर आणि बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक सापडलं. आईचं रक्त आधी घेऊन ठेवलेलं होतं म्हणून हे कळलं. सहा वर्षांनी आई आणि मूल एकदमच भेटले असते तर हा धागा कोणालाच दिसला नसता.

नावाला फसणारेही पुष्कळ आहेत. ज्येष्ठांवरचा 'लासी' हा अभ्यास आयआयपीएसचाच, २०१७मध्ये सुरू झालेला, आणि त्याची रचना त्याच माणसांकडे परत जाण्याची आहे. पण नुसत्या पहिल्या फेरीच्या ७२ हजारांवर माणसांवर निबंध लिहायचा आणि शीर्षकात 'दीर्घकालीन पुरावा' म्हणायचं, हे चूक आहे. एका भेटीचा विदा (डेटा) एका भेटीचाच असतो. उलट मुंबईत १९९१ ते १९९७ दरम्यान मतदारयाद्यांवरून सुमारे दीड लाख माणसं निवडली आणि काही वर्षांनी घरोघर परत जाऊन कोण हयात आहे ते पाहिलं. तंबाखू आणि मृत्यूचा संबंध तपासणारा हा खराखुरा कोहॉर्ट.

करिअरच्या दृष्टीने दोन्हीकडचं आयुष्य वेगळं असतं. सर्वेक्षणाचा विदा नोंदणी करून मिळतो. स्टाटा किंवा आर ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर येत असतील तर वर्षभरात निबंध होतो, पीएचडी वेळेत संपते. राज्याराज्यांतली, जातीजातींतली दरी किती रुंद आहे हे सांगायला याहून चांगलं साधन आपल्याकडे नाही, आणि ते काम मी कमी लेखत नाही. कोहॉर्टमध्ये विदा मागायला प्रस्ताव लिहावा लागतो, नीतिसमितीची मंजुरी लागते, आणि अनुदान तीन-पाच वर्षांचं असताना अभ्यास तीस वर्षांचा असतो. तुमचा पहिला निबंध वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणीतरी घेतलेल्या मोजमापांवर उभा राहतो. तुम्ही आज जे मोजाल ते पुढच्या पिढीतलं कोणीतरी वापरेल. ज्यांना हे मनापासून पटतं त्यांनीच इकडे यावं. माझं मत विचाराल तर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करताना एनएफएचएसवर हात बसवा, आणि त्यानंतर किमान एक वर्ष एखाद्या कोहॉर्टच्या फील्डवर घालवा. थेट कॉम्प्युटरसमोर बसून विषमता अभ्यासणारे बरेच जण पुढे हीच गल्लत करतात.

फील्डवर कळणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माणसं हातून निसटतात. मुली लग्न होऊन सासरी जातात. मग माहेरी फोन करायचा, पत्ता घ्यायचा, पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येईल तेव्हा भेट ठरवायची. बीडकडचं ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. सर्वेक्षणालाही कुलूप लागलेली घरं भेटतात, पण तिथे त्या घराबद्दल फारसं काही ठाऊक नसतं. कोहॉर्टमध्ये हरवलेल्या माणसाची जुनी माहिती आपल्याकडे असते, म्हणून कोण हरवलं ते तपासता येतं, आणि तपासायलाच हवं. सगळ्यांत गरीब माणसं जास्त निसटली तर उरलेल्यांत दरी कमी दिसू लागते, आणि विषमता घटली असा खोटाच निष्कर्ष निघतो.

म्हणून एखाद्या कोहॉर्टमध्ये नोकरीसाठी मुलाखत द्याल तेव्हा दोन प्रश्न तुम्हीच विचारा. सुरुवातीला नोंदवलेल्यांपैकी किती जण गेल्या फेरीत भेटले? आणि जे भेटले नाहीत, ते कुठल्या घरांतले होते? दुसऱ्याचं उत्तर तक्त्यासकट मिळालं तर तिथे बेलाशक रुजू व्हा.