वाळूघाटावर हरकत घ्यायची तर लिलावाआधी: कुठे, कशी, कोणत्या कागदांनिशी

नदीत जेसीबी उतरला की गाव खडबडून जागं होतं. पण तोवर वाळूघाटाचा, म्हणजे वाळू उपशासाठी ठरवलेल्या नदीच्या पट्ट्याचा, लिलाव झालेला असतो आणि ठेकेदाराकडे पर्यावरण मंजुरीचा कागद असतो. मग तहसीलच्या फेऱ्या सुरू होतात. हरकतीला खरं वजन असतं ते याच्या कितीतरी आधी, जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा जाहीर होतो तेव्हा.

जिल्ह्यातल्या कुठल्या नदीत, कुठल्या पट्ट्यात वाळू आहे, किती उपसता येईल आणि कुठे हातच लावायचा नाही, हे या अहवालात ठरतं. पुढे घाटाच्या मंजुरीचा अर्ज त्याच्याच आधारावर होतो. 15 जानेवारी 2016 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर 21 दिवस ठेवावा लागतो, आणि अहवाल दर 5 वर्षांनी नव्याने करावा लागतो. हे 21 दिवस गावाला कळतसुद्धा नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे अधूनमधून विचारणा करत राहा. तोंडी उत्तर मिळत नसेल तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाका.

हरकत कुणीही घेऊ शकतं. नदीकाठी जमीन असलीच पाहिजे असं नाही. साध्या कागदावर, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, मराठीत लिहा. मात्र ‘पर्यावरणाची हानी होत आहे’ एवढ्यावर थांबू नका. गावाचं नाव, घाटाशेजारचे गट क्रमांक आणि अंतरं लिहा. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत पुलाच्या किंवा पाणी उचलण्याच्या जागेच्या वरच्या बाजूला किमान 250 मीटर आणि खालच्या बाजूला किमान 500 मीटरपर्यंत उपसा नको असं म्हटलं आहे. तुमच्या गावाची नळपाणी योजनेची जॅकवेल (नदीतून पाणी उचलण्याची विहीर) या टप्प्यात येत असेल, तर तेवढा एक मुद्दाही भक्कम आहे.

जिवांचा मुद्दाही असाच नेमका मांडा. नदी सुरय, टिटवी, करवानक हे पक्षी उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूवर आणि गोट्यांवर अंडी घालतात, आणि उपसाही नेमका तेव्हाच जोरात असतो. घरटी कुठे आणि कोणत्या महिन्यात दिसली ते लिहा, तारीख व ठिकाण उमटलेले फोटो लावा. कासवं कुठे चढतात आणि कुठला डोह उन्हाळ्यातही आटत नाही, हे गावातल्या भोयांना, कोळ्यांना विचारा. त्यांचं सहीनिशी निवेदन जोडा. सोबत भूमी अभिलेखचा गाव नकाशा आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत द्या. अर्ज आवक शाखेतच द्या आणि शिक्का व आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा: पुनर्भरण अभ्यास झाला आहे का? म्हणजे उपसलेली वाळू पावसाळ्यात किती भरून येते, याचं मोजमाप. हा अभ्यास नसलेल्या अहवालावर पर्यावरण मंजुरी देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे.

मोठ्या खाणीसाठी किंवा नव्या महामार्गासाठी जनसुनावणी लागते तिथे किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते, आणि प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत बघायला मिळायला हवा. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. चारच माणसं आली तरी ती पूर्ण धरली जाते, म्हणून बहिष्कार टाकू नका. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात, त्यात पुलाखालचा ओढा आणि राडारोडा टाकण्याची जागा असे तुमचे मुद्दे आलेत का ते ऐका. नवीन भूसंपादन नसलेल्या रस्ता रुंदीकरणाला मात्र जनसुनावणी लागत नाही.

पाणथळ जागांबाबत एक गफलत नेहमी होते. 2017 च्या पाणथळ नियमांनी भराव टाकायला बंदी आहे, पण नदीचं पात्र, भातखाचरं आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव त्या व्याख्येबाहेर आहेत. नांदूर मधमेश्वरसारख्या रामसर स्थळाशेजारी (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेशेजारी) काम असेल तर हे नियम जरूर पुढे करा. निव्वळ नदीपात्रासाठी ते वापरलेत तर अर्ज लंगडा पडेल.

मंजुरी मिळूनच गेली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात 30 दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात. बेकायदा उपशाविरुद्धच्या अर्जाला मुदत 6 महिन्यांची आहे. नदी पूर्ववत करून मागायची असेल किंवा भरपाई हवी असेल तर 5 वर्षं. भरपाई मागितली नसेल तर शुल्क 1000 रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला भरपाईच्या अर्जालाही शुल्क नाही. वकील नसला तरी स्वतः बाजू मांडता येते. आधीच्या हरकतीची पोच इथे कामी येते.

चोरटा उपसा दिसला तर तहसीलदारांना लेखी कळवा. जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. गाड्यांचे नंबर आणि वेळ टिपून ठेवा, पण रात्री एकट्याने पात्रात उतरू नका. फोटो दिवसा, पुलावरून किंवा स्वतःच्या शेतातून काढा आणि सोबत दोन-चार माणसं असू द्या.