शाळेसाठी जादा शिक्षक आणि निधी मागताय? आधी पद आणि पट तपासा

‘आमच्या शाळेला शिक्षक द्या’ अशी एक ओळ, खाली पन्नास गावकऱ्यांच्या सह्या. असे अर्ज पंचायत समितीच्या शिक्षण विभागात दरवर्षी जातात आणि तिथेच पडून राहतात. गावाची अडचण खरी असते, पण अर्जात नेमके काय हवे तेच लिहिलेले नसते.

म्हणून अर्जाआधी मुख्याध्यापकांकडून चालू संचमान्यतेची, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शाळेला किती शिक्षकपदे मंजूर आहेत त्या सरकारी कागदाची, प्रत घ्या. त्यात मंजूर पदे किती आणि कार्यरत शिक्षक किती, ते पाहा. दोन पदे मंजूर असून एकच शिक्षक असेल, तर तुमची मागणी रिक्त पद भरण्याची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ नुसार रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. शिक्षक कागदावर तुमच्याच शाळेत, पण कामगिरीवर दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात असतील, तर कलम २५(२) लिहा. असे हलवायला ते कलम मनाई करते. आणि पदच मंजूर नसेल, तर मागणी संचमान्यता दुरुस्तीची. या तिन्हींची सरमिसळ झाली की अर्ज परत आलाच म्हणून समजा.

कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत (पट म्हणजे शाळेत नाव असलेली मुले) २ आणि ६१ ते ९० ला ३ शिक्षक आहेत. राज्याने मात्र १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. पट एकसष्टवर गेला की तिसरे पद आपोआप मिळेल, असे धरून चालू नका. चालू निकष गटशिक्षण कार्यालयातून समजून घ्या.

आता ३० सप्टेंबर. ही अर्जाची शेवटची तारीख आहे असे समजून लोक २९ तारखेला धावतात. ही तारीख पट मोजण्याची आहे. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता ठरते, यू-डायसची, म्हणजे शाळा आणि मुलांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, संदर्भ तारीखही तीच. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे कागद नीट करायला जेमतेम तीन महिने मिळतात. त्यात सप्टेंबर संपता संपता सोयाबीनची काढणी सुरू होते आणि लेकरे बापासोबत वावरात जातात. त्या आठवड्यात तरी मुलांना शाळेत पाठवा, हे घरोघरी जाऊन सांगावे लागते.

सगळ्यात जास्त घोडे अडते ते आधारवर. संचमान्यतेत आधार वैध असलेली मुले धरली जातात. वर्गात बसलेले मूल मोजायला आधार कशाला, हा प्रश्न मलाही पडतो. नाव, जन्मतारीख किंवा लिंग यांत शाळेची नोंद आणि आधार जुळले नाही, की मूल ‘अवैध’. आधारवर सरसकट १ जानेवारी टाकलेली असते, नाहीतर नावाचे स्पेलिंग वेगळे असते. जन्मतारीख आधार केंद्रावर दुरुस्त करायला जन्मदाखला लागतो, आणि नेमका तोच घरी नसतो. जन्माची नोंद एका वर्षात झाली नसेल, तर महसूल अधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ग्रामपंचायत दाखला देऊ शकत नाही. ग्रामसेवकाशी भांडून उपयोग नाही. तहसीलच्या चकरा जुलैतच सुरू करा. मूल पाच वर्षांचे झाल्यावर आधारसाठी बोटांचे ठसे द्यायचे राहिले असतील तर तेही उरका. पाच ते सात वयात पैसे लागत नाहीत. एक लक्षात ठेवा, वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही.

निधीचेही तसेच आहे. समग्र शिक्षा अभियानातले संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: ३० पटापर्यंत वर्षाला १०,००० रुपये, त्यापुढे १०० पर्यंत २५,०००. दुसऱ्या गावाहून आलेल्या दोन मुलांना जुन्या शाळेने यू-डायसवर आपल्या पटातून मोकळे केले नाही आणि तुमचा पट एकतीसऐवजी एकोणतीस दिसला, तर १५,००० रुपये गेले. जुन्या शाळेला फोन करा, गरज पडली तर केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) सोबत घ्या. अनुदानातले १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत द्या.

अर्जासोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवाच, आणि तो इतिवृत्ताच्या वहीत असला पाहिजे. सुट्या कागदावर घरी जाऊन घेतलेल्या सह्या चालत नाहीत. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला आहेत का, हेही पाहून घ्या. जादा शिक्षक, खोल्या, पैसे यांची मागणी तीन वर्षांच्या शाळा विकास आराखड्यात आधी यायला हवी, आणि आराखडा डिसेंबरअखेर तयार व्हायला हवा. बहुतेक शाळांत तो गेल्या वर्षीचा उतरवलेला असतो. त्याने नुकसान आपलेच होते.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा मिरची तोडायला जाणारी कुटुंबे असतील, तर मुलांची यादी ती निघण्याआधी करा आणि हंगामी वसतिगृहाची मागणी त्याच ठरावात घाला. मेळघाट, गडचिरोलीतल्या पेसा गावांना (पेसा हा आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ५ टक्के अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते, तेव्हा शाळेचा विषय ग्रामसभेत आणा.

अर्ज, ठराव, संचमान्यता, यू-डायसचा पट आणि आराखड्याची प्रत असा संच केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, एक प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना (प्राथमिक). पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक हवा. महिना-दीड महिना काहीच कळले नाही, तर तोच क्रमांक लिहून १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका; दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाहीत.