गुलाबी बोंडअळी : भरूचपासूनची पार्श्वभूमी

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस पोखरला, तेव्हा बडोद्यातल्या मराठी घरांतही तिकडच्या नातलगांची काळजी लागून राहिली होती. या अळीची शास्त्रातली पहिली नोंद मात्र बडोद्याहून सत्तरेक किलोमीटरवरच्या भरूचची.

१८४० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने भरूचकडे अमेरिकन कापूस लावून पाहिला. तिथल्या सरकारी मळ्यांचे डॉ. बार्न यांनी बोंडांतल्या किडीचे नमुने इंग्लंडला धाडले आणि कळवलं, की हलक्या गाळाच्या जमिनीतला अमेरिकन कापूस हिने फस्त केला, काळ्या जमिनीतला वाचला. देशी कापसालाही ती अधूनमधून लागते. त्या नमुन्यांवरून इंग्रज कीटकशास्त्रज्ञ सॉन्डर्स यांनी तिचं वर्णन केलं. आजही तिच्या शास्त्रीय नावापुढे 'सॉन्डर्स, १८४४' असं लिहितात.

या अळीचा पतंग अगदी साधा. तपकिरी-करडा, पंख पसरले तरी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर, पुढच्या पंखांवर काळपट डाग, मागच्यांना झालर. अळी आधी पांढुरकी, वाढते तशी गुलाबी. कळीत शिरली की पाकळ्या धाग्याने बांधून टाकते. फूल उमलत नाही, त्याची डोमकळी होते. बोंडात शिरली की शिरल्याचं छिद्र बुजतं. बोंड बाहेरून धडधाकट दिसतं, आत सरकी खाल्लेली. भेंडी-अंबाडीवरही ती जगते, पण तिचं खरं घर कापूसच.

हंगाम सरताना ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत महिनोन्महिने पडून राहते. तिच्या जगभरच्या प्रवासाचं मूळ मला इथेच दिसतं. बियाण्याबरोबर ती विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तला गेली, तिथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये टेक्सासात पोचली.

भारतात २००२ मध्ये बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारक असं जिवाणूचं जनुक घातलेला कापूस, आला. २०१० मध्ये अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट इथल्या अळ्या एका जनुकाच्या बीटीला दाद देत नाहीत, हे जाहीर झालं. पुढे दोन जनुकांचं वाणही तिने पचवलं. अमेरिकेने बीटीच्या जोडीला वांझ पतंग सोडले, मादीच्या गंधाने नरांना ओढणारे कामगंध सापळे लावले आणि २०१८ मध्ये तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे पाण्याची सोय असली की फरदड ठेवण्याचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही तोच कापूस शेतात राखून पुन्हा पीक घेण्याचा, मोह सुटत नाही, आणि जूनपर्यंत उपाशी राहायला हवी ती अळी मार्चातही हिरव्या बोंडात सापडते.